क्रियापदांच्या नादी लागलेली माणसं

जर्मन भाषेची नक्कल करायला जर्मन यावी लागत नाही. घसा खरवडायचा, 'श्ट' आणि 'ख' जोरात फेकायचे, शब्दाच्या शेपटाला 'एन' लावायचं, की ऐकणारे हसतात. चार्ली चॅप्लिनने १९४०च्या 'द ग्रेट डिक्टेटर'मध्ये हेच केलं. त्या भाषणात खरे जर्मन शब्द मोजकेच, बाकी सगळा बनाव, तरी हुकूमशहाचा थयथयाट लख्ख कळतो. 'लोकशाही श्टोंक! स्वातंत्र्य श्टोंक!' अशी त्याची गर्जना. हा 'श्टोंक' जर्मन भाषेत नव्हताच. पण हिटलरच्या बनावट डायऱ्यांच्या प्रकरणावर १९९२ साली जर्मनीत सिनेमा निघाला, तेव्हा त्याचं नाव 'श्टोंक!' ठेवलं गेलं. चेष्टेतला शब्द ज्यांची चेष्टा केली त्यांच्याच घरी मुक्कामाला आला.

दुसरा नमुना संगणकवाल्यांचा. खोलीभर पसरलेल्या यंत्रांच्या काळात, इंग्रजी बोलणाऱ्या देशांतल्या प्रयोगशाळांत यंत्राशेजारी एक पाटी लावलेली असायची. 'आख्टुंग!' म्हणजे सावधान, अशी सुरुवात. यंत्राला बोट लावू नका, हात खिशात ठेवा आणि लुकलुकणारे दिवे बघत बसा, एवढाच मजकूर. पण भाषा अशी की 'लुकेन्सपीपर्स', 'गेफिंगरपोकेन', 'ब्लिंकेनलाइट्स'. ही पाटी फिरत फिरत जर्मनीत पोचली तेव्हा तिथल्या मंडळींनी मोडक्यातोडक्या इंग्रजीतली उत्तरादाखल पाटी तयार केली. सप्टेंबर २००१ मध्ये केऑस कॉम्प्युटर क्लब या जर्मन हॅकर मंडळींच्या संस्थेला वीस वर्षं झाली, तेव्हा त्यांनी बर्लिनच्या आलेक्सांडरप्लात्सवर 'हाउस देस लेरर्स' या इमारतीच्या वरच्या आठ मजल्यांवर, १४४ खिडक्यांमागे एकेक दिवा लावला आणि इमारतीचा पडदा केला. खाली रस्त्यावर उभं राहून मोबाइलवरून त्या इमारतीवर पाँग हा जुना, टेबल-टेनिसवजा व्हिडिओ गेम खेळता यायचा. उपक्रमाचं नाव अर्थातच ब्लिंकेनलाइट्स.

या गोष्टी मला आवडतात. पण या नकलेत जर्मनचा फक्त आवाज असतो, हाडं नसतात. जर्मनांनी स्वतः, स्वतःच्याच भाषेतून घडवलेली विनोदी जर्मन ही निराळी गोष्ट आहे. तिच्यात घुसायचं तर व्याकरण नखशिखांत माहीत हवं. मला या दुसऱ्या प्रकाराचं वेड आहे आणि आज त्याच्याबद्दलच लिहायचं आहे.

अशा भाषांमधली एक गाजलेली म्हणजे 'श्टार्कडॉइच', शब्दशः बळकट जर्मन. माथियास कोपेल हे बर्लिनचे चित्रकार. १९७३ साली योहानेस ग्रुत्स्के वगैरे मित्रांबरोबर त्यांनी एक चित्रकार-गट काढला होता; अमूर्त चित्रकलेचा दबदबा असताना हे लोक हट्टाने माणसं आणि शहर ओळखू येईल असं रंगवत होते. त्याच्या आदल्याच वर्षी, १९७२ मध्ये, कोपेलांनी श्टार्कडॉइच घडवली आणि तीत कविता लिहायला लागले. युक्ती दिसायला सोपी: साध्या स्वरांना ताणून जोडस्वर करायचं, व्यंजनं दुप्पट-तिप्पट भरायची, शब्द इतका फुगवायचा की कागदावर तो एखाद्या मध्ययुगीन दस्तऐवजातून उठून आल्यासारखा दिसावा. मोठ्याने वाचलं की अर्थ उलगडतो. नुसत्या डोळ्यांनी वाचणारा मात्र दारातच अडतो. डामडौलाच्या जर्मनची, म्हणजे सरकारी फर्मानं, मर्दानी भाषणं, पितळी पाट्या यांच्या भाषेची खोड काढायला हे हत्यार उत्तम होतं. जिथे भाषेला खऱ्याच अर्थाने लष्करी पोशाख चढवला गेला होता, तिथे एका चित्रकाराने तो पोशाख इतका फुगवावा की टाके उसवावेत, ही मला मोठी गोष्ट वाटते.

तरी माझा जीव अडकला आहे तो क्रियापदांच्या खेळात.

जर्मन शिकलेल्या प्रत्येकाला तो तीन रकान्यांचा तक्ता आठवेल. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटला असो, मॅक्सम्युलर भवनाला असो की शाळेत, सुटका कुणाचीच नसते. ट्रिंकेन, ट्रांक, गेट्रुंकेन. झिंगेन, झांग, गेझुंगेन. फ्लीगेन, फ्लोग, गेफ्लोगेन. पिणे, गाणे, उडणे, त्यांचा भूतकाळ, त्यांचं कृदन्त, म्हणजे 'प्यायलेलं', 'गायलेलं' असलं रूप. पाढ्यांसारखं म्हणायचं, एका लयीत. यांना 'श्टार्क' म्हणजे सबळ क्रियापदं म्हणतात. हे नाव याकोब ग्रिमचं, परीकथांवाल्या ग्रिम बंधूंपैकी थोरल्याचं. १८१९ पासून निघालेल्या आपल्या जर्मन व्याकरणात त्याने क्रियापदांची ही विभागणी केली. जे क्रियापद पोटातला स्वर बदलून, स्वतःच्या ताकदीवर भूतकाळ करतं ते सबळ. ज्याला मागे 'टे' चिकटवून घ्यावं लागतं, ते 'श्वाख', दुर्बळ. काउफेन म्हणजे विकत घेणे, त्याचं काउफ्टे. माखेन म्हणजे करणे, त्याचं माख्टे. स्वर जागचा हलत नाही.

सबळ क्रियापदं आता दोनशेच्या आत-बाहेर उरली आहेत, आणि वरचेवर एखादं निसटतं. बेलेन म्हणजे भुंकणे. मध्ययुगात त्याचा भूतकाळ 'बाल' आणि कृदन्त 'गेबॉलेन' होतं. आजचा कुत्रा 'बेल्टे' करतो. बाकेन, भाजणे, त्याचा भूतकाळ 'बूक'. तो आजीच्या तोंडी असायचा, नातवंडं 'बाक्टे' म्हणतात. मेल्केन म्हणजे धार काढणे. 'मॉल्क' अजून जिवंत आहे, पण शेजारी 'मेल्क्टे' येऊन बसलंय. नवीन क्रियापदं तर जवळपास सगळीच दुर्बळ जन्मतात. गूगेल्न, गूगेल्टे. कुणी चर्चा करत नाही, कुणी ठरवत नाही. नवा शब्द आला की त्याला 'टे' लागतं.

हे फक्त जर्मनचं दुखणं नाही. इंग्रजीबद्दल २००७ साली 'नेचर'मध्ये एक सुंदर अभ्यास आला होता. संशोधकांनी जुन्या इंग्रजीतली १७७ अनियमित क्रियापदं घेतली. त्यातली १४५ मधल्या काळापर्यंत टिकली, आजपर्यंत ९८. नियमही सापडला: वापर शंभरपट कमी असेल तर क्रियापद दहापट वेगाने नियमित होतं. रोज तोंडात घोळणारं क्रियापद आपला वाकडेपणा जपतं. महिन्यातून एकदा लागणाऱ्याला तो परवडत नाही. आपल्या मराठीकडे बघा. केलं, गेलं, आलं, दिलं, घेतलं, म्हटलं, खाल्लं. वाकडीतिकडी सगळी रोजची. लहान मूल 'मी करलं' म्हणतं तेव्हा ते नियमानेच वागत असतं, आणि 'पाणी पिलं' की 'प्यायलं' या वादात अजून घरोघर जेवणं गार होतात.

तर क्रियापदं अशी दुबळी होत चाललेली बघून काही जर्मनांनी ठरवलं की उलटी गंगा वाहवायची. 'गेझेलशाफ्ट त्सुअर श्टेर्कुंग देर फेर्बेन' म्हणजे क्रियापदांच्या बळकटीकरणासाठीचं मंडळ. दुर्बळ क्रियापदं घ्यायची, त्यांना सबळ रूपं द्यायची आणि यादी वाढवत न्यायची. या उद्योगातून घडत गेलेल्या भाषेला त्यांनी नाव दिलं 'नॉइच': नॉय म्हणजे नवी, अधिक डॉइच. ज्या यादीत ही रूपं जमा होतात तिचं नावच बघा: 'गेश्टॉर्केन' क्रियापदांची यादी. 'श्टेर्केन', म्हणजे बळकट करणे, हे क्रियापद खऱ्या जर्मनमध्ये स्वतः दुर्बळ आहे! श्टेर्केन, श्टेर्क्टे, गेश्टेर्क्ट. दुसऱ्यांना बळ द्यायला निघालेल्या शब्दाला आधी स्वतःलाच टॉनिक घ्यावं लागलं, म्हणून गेश्टॉर्केन. हे एक रूप पहिल्यांदा वाचलं तेव्हाच मी या खेळात ओढली गेले.

पुढे लाइप्झिगला नोकरीसाठी राहिले तेव्हा आमच्या इमारतीत हा खेळ स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती रंगायचा. आमच्या मजल्यावर लॅटिनचे एक निवृत्त शिक्षक राहायचे, खालच्या मजल्यावर एक नर्स आणि तिचा नवरा, आणि मी. आमचा नियम एकच होता, पण कडक. नवं रूप सुचवणाऱ्याने साक्षीदार आणायचा. म्हणजे खऱ्या जर्मनमधलं, यमक जुळणारं, आधीच सबळ असलेलं क्रियापद दाखवायचं. तोंडाला येईल ते फेकायला परवानगी नाही.

हुपेन, म्हणजे गाडीचा हॉर्न वाजवणे. हीप, गेहूपेन. साक्षीदार? रूफेन, रीफ, गेरूफेन, हाक मारणे. मंजूर. ब्लिंकेन, लुकलुकणे. ब्लांक, गेब्लुंकेन. साक्षीदार ट्रिंकेन. मंजूर, टाळ्या.

मग काउफेन आलं, विकत घेणे, आणि मैफल फुटली. नर्स म्हणाली, "कीफ. साक्षीदार लाउफेन, लीफ." धावणे. तिचा नवरा म्हणाला, "छे, कॉफ. साक्षीदार झाउफेन, झॉफ." झाउफेन म्हणजे ढोसणे, जनावरासारखं किंवा दारुड्यासारखं पिणे. दोन्ही साक्षीदार यमकात पक्के, दोन्ही सबळ, आणि दोघांची घराणी वेगळी. बराच वेळ हुज्जत चालली. शेवटी मास्तरांनी निवाडा दिला. यादी करून, भाव बघून, हवं तेवढंच घेतलं तर कीफ. सेल लागलाय म्हणून भान सोडून पिशव्या भरल्या तर कॉफ. त्या इमारतीत पुढे हे दोन शब्द खरोखरच वापरात राहिले. शनिवारी कुणी दोन्ही हातांत पिशव्या घेऊन जिना चढताना दिसलं की वरून प्रश्न यायचा, "कीफ की कॉफ?" जर्मन भाषेत नसलेला एक बारीक भेद एका स्वराने आणून दिला होता, आणि तो समजायला कुणालाच खुलासा लागत नव्हता.

एकदा खेळ चालू असताना कुणी तरी शिंकलं. शिंकणे म्हणजे नीझेन, आणि आजच्या नियमाने 'गेनीस्ट'. पण बोलताना गमतीने 'गेनॉसेन' म्हणणारेही जर्मनीत पुष्कळ आहेत, आणि जुन्या जर्मनमध्ये हे क्रियापद सबळ होतंच. आता, आस्वाद घेणे यासाठी गेनीसेन असं क्रियापद आहे आणि त्याचं कृदन्तही नेमकं 'गेनॉसेन'. म्हणजे 'इश हाबे गेनॉसेन' याचा अर्थ मी शिंकलो, की मला मजा आली? त्यात आम्ही लाइप्झिगमध्ये, जुन्या पूर्व जर्मनीत. तिथे 'गेनॉसेन!' ही सभेत मारायची हाक होती: कॉम्रेड्स! चाळीस वर्षं ती हाक ऐकलेले मास्तर रुमाल डोळ्यांना लावून इतके हसले की त्यांना पाणी आणून द्यावं लागलं. एका शिंकेत व्याकरणाचा आठशे वर्षांचा प्रवास, जेवणाचा आनंद आणि एक बुडालेलं राज्य, तिन्ही येऊन गेलं होतं.

याला कुणी पोरखेळ म्हणतं तेव्हा मला वाईट वाटतं, कारण खरा इतिहास याच्या बाजूने आहे. मास्तरांनीच ते दाखवलं. श्राइबेन, श्रीब, गेश्रीबेन. लिहिणे. तक्त्यातलं अगदी पहिल्या पानावरचं सबळ क्रियापद. पण तो शब्द मूळचा जर्मन नाहीच. लॅटिन 'स्क्रिबेरे'वरून आलेला. रोमनांकडून अक्षरं आली, लिहिणं आलं, शब्द आला, आणि जर्मन बोलणाऱ्यांनी त्याला ब्लाइबेनच्या, म्हणजे राहण्याच्या, ओळीत बसवून श्रीब करून टाकलं. प्फाइफेन, शिट्टी वाजवणे, तेही लॅटिनवरून. त्याचं प्फिफ झालं. प्राइझेन, स्तुती करणे, हे फ्रेंचकडून आलं, आधी दुर्बळ होतं, मागाहून प्रीस झालं. एके काळी हे दार उघडं होतं तर! परक्या शब्दाला नुसती जागा नाही, घरातल्या सुनेचा मान मिळत होता: इथला स्वर, इथली चाल.

त्यामुळे टेबलावर 'लाइकेन' आलं, म्हणजे फोनवर अंगठा दाखवणं, तेव्हा ते मला अजिबात हास्यास्पद वाटलं नाही. लाइकेन, लिक, गेलिकेन. साक्षीदार म्हणून श्ट्राइखेन, श्ट्रिख पुढे केलं. नर्सच्या नवऱ्याने लगेच हरकत घेतली: 'क'च्या जागी 'ख' आहे, यमक पुरतं जुळत नाही, आणि तंतोतंत जुळणारा श्ट्राइकेन, संप करणे, तो तर इंग्रजीवरून आलेला आणि ठार दुर्बळ. हरकत बरोबर होती. लाइकेन प्रलंबित राहिलं. त्या दोघांनी ज्या गांभीर्याने हा मुद्दा लढवला त्यातच मला या खेळाचं मोल दिसतं. दिवसभर वॉर्डात पाय तुटेपर्यंत राबून आलेली बाई 'क' आणि 'ख' यांच्यातल्या फरकासाठी तावातावाने बोलते, तेव्हा भाषा तिच्या जिव्हाळ्याची असते. जर्मनीत इंग्रजी शब्दांविरुद्ध मोहिमा चालवणारे लोकही आहेत. पत्रकं काढतात, नावं ठेवतात. त्यांच्या रागाने एकही क्रियापद सबळ झालेलं मी पाहिलं नाही.

सबळ रूपं सगळी मरतात असंही नाही. काही घरात लपून राहतात. जर्मनीतल्या कुठल्याही दुकानात कॉफीचं पाकीट उचला, त्यावर 'गेमालेन' छापलेलं असतं: दळलेली. मालेन म्हणजे दळणे. त्याचा सबळ भूतकाळ केव्हाच गेला, आज सगळे 'माल्टे' म्हणतात. पण कृदन्त मात्र पाकिटावर जुन्या दिमाखात उभं आहे. शेजारच्या फळीवर खारे शेंगदाणे, त्यावर 'गेझाल्त्सेन'. तीच गत. झाल्त्सेनचाही भूतकाळ दुर्बळ झालाय, कृदन्त नाही. विक्षिप्त माणसाला 'फेरश्रोबेन' म्हणतात; ते श्राउबेनच्या, म्हणजे स्क्रू पिळण्याच्या, जुन्या सबळ रूपातून उरलेलं विशेषण, पिळता पिळता वाकडा झालेला. गोंधळलेल्या मजकुराला 'फेरवॉरेन'. हे शब्द जर्मन माणूस रोज वापरतो आणि त्यांच्या मागचं क्रियापद त्याला दिसत नाही. खेळ सुरू झाल्यापासून मला किराणा दुकानात उशीर व्हायला लागला.

आणि कधी कधी उलटंही होतं. विंकेन, हात हलवणे, हे मुळातलं दुर्बळ. पण ट्रिंकेन, झिंकेनच्या संगतीने लोक 'गेवुंकेन' म्हणायला लागले, इतके की आज डुडेन या शब्दकोशातही ते रूप आहे. फ्रागेन, विचारणे, याचंही तसंच: अठराव्या शतकात ट्रागेन, ट्रूगच्या चालीवर 'फ्रूग' म्हणायची लाट आली, मोठमोठ्या लेखकांनी वापरलं, आणि पुढे ओसरली. म्हणजे बळकटीकरणाचं काम लोक मंडळाशिवायही करत आलेत.

दुर्बळ क्रियापदाच्या 'टे'बद्दलही सांगायला हवं, कारण इथे मराठी माणसाचे कान टवकारायला पाहिजेत. हा 'टे' आला कुठून? जुनं आणि बरंच मान्य असलेलं मत असं की तो 'टून' म्हणजे करणे या क्रियापदाचा झिजलेला अवशेष आहे. गॉथिक या जर्मनच्या जुन्या, आता मेलेल्या नातलग भाषेत 'आम्ही वाचवलं' याला 'नासिदेदुम' म्हणत. त्यातल्या 'देदुम'मध्ये 'केलं' अजून ऐकू येतं. म्हणजे जर्मनांच्या पूर्वजांना जुन्या साच्यात न बसणारं क्रियापद भेटलं की ते त्यापुढे 'केलं' जोडत. आपण काय करतो? फोन केला. डाउनलोड केलं. लाइक केलं, फॉरवर्ड केलं, ब्लॉक केलं. तीच युक्ती, दोनेक हजार वर्षांनी, दुसऱ्या खंडात. आपल्याकडे ते 'केलं' अजून झिजून प्रत्यय झालेलं नाही, सुटं उभं आहे. मराठी आणखी हजार वर्षं बोलली गेली तर 'डाउनलोकलं' असं काही होईल का, या विचाराने मी एकदा बस चुकवायच्या बेतात होते.

आणि स्वर बदलण्याची ताकद? ती तर आपल्या घरचीच आहे. जर्मनमध्ये बांधणे म्हणजे बिंडेन, बांड, गेबुंडेन. संस्कृतात बध्नाति, बबन्ध, बद्ध. धातू एकच. ग्रिमच्या आधी तीन वर्षं, १८१६ मध्ये, फ्रांत्स बोपने संस्कृतच्या क्रियारूपांची ग्रीक, लॅटिन, फारसी आणि जर्मनिक भाषांशी तुलना करणारं पुस्तक काढलं, आणि तिथून तौलनिक भाषाशास्त्राची पायवाट पडली. स्वराच्या ज्या चढत्या बदलाला (इ-ए-ऐ, उ-ओ-औ) आपल्या वैयाकरणांनी गुण आणि वृद्धी म्हटलं, त्याचीच दूरची भावंडं जर्मन तक्त्याच्या तीन रकान्यांत राहतात. मराठीतही ती आहेत. तुटणे, तोडणे. फुटणे, फोडणे. सुटणे, सोडणे. मरणे, मारणे. पडणे, पाडणे. आपोआप होणं आणि कुणी तरी करणं, हा केवढा मोठा फरक, आणि तो निव्वळ एका स्वरावर पेललेला. आणि जर्मनसारखंच इथेही दार बंद झालंय. आता नवं प्रयोजक करायचं तर 'वणे' लावायचं: हसवणे, बसवणे, उठवणे, रुसवणे. बिनचूक, पण सपाट.

मागच्या सुट्टीत पुण्याला आले तेव्हा भाचीला हा खेळ सांगितला. आठ वर्षांची आहे. साक्षीदाराचा नियम तिला फारच पसंत पडला. तुटणे-तोडणे म्हणून उठणे-ओठणे. पडणे-पाडणे म्हणून बसणे-बासणे. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आईशी भांडत होती, "तू मला एवढ्या लवकर का ओठलंस?" आणि संध्याकाळी, मी तिच्या वाटणीची शेवटची बाकरवडी खाल्ल्यावर, माझ्याकडे पाठ करून, "मावशी, तू मला रोसलंस." साक्षीदार विचारायची गरज नव्हती, तुटणे-तोडणे समोरच होतं. रुसवलंस यात मावशीने काहीतरी लांबून केल्यासारखं वाटतं. रोसलंस म्हटल्यावर ते लागतं. तिच्या वर्गात आता ओठणे पसरलंय, असं ताई फोनवर सांगत होती. बाईंनी एकदा फळ्यावर तुटणे-तोडणेची जोडी लिहून वर्गालाच आणखी जोड्या शोधायला लावलं म्हणे. त्या बाईंना भेटायची मला फार इच्छा आहे.

आपल्याकडे 'च'ची भाषा होती: पाण्याला 'चणीपा'. जर्मन मुलांकडेही तसले प्रकार आहेत, स्वरामागे ठरावीक अक्षरं घुसवून बोलायचे. पण त्यांचं काम लपवायचं असतं, मोठ्यांना कळू नये म्हणून. नॉइच काही लपवत नाही. ती शब्दाचं पोट उघडून दाखवते की हे बघा, इथे स्वर होता, तो हलायचा.

पुण्यात आणि मुंबईत आज खूप मुलं जर्मन शिकताहेत, कुणी इंजिनीअरिंगच्या पुढच्या शिक्षणासाठी, कुणी नर्सिंगच्या नोकरीसाठी. तो तीन रकान्यांचा तक्ता त्यांच्याही वहीत आहे, आणि तो पाठ करताना रडवेली होणारी मुलं मी पाहिली आहेत. त्यांच्यासाठी सुरुवात कुठून करावी ते सांगते. आधी 'इंकेन'ची ओळ घ्या, तिचे साक्षीदार भरपूर आहेत: ट्रिंकेन, झिंकेन, श्टिंकेन. मग ब्लिंकेन आणि हिंकेन, म्हणजे लंगडणे, त्यांच्या शेजारी बसवून बघा. हिंकेन तर जुन्या काळी खरंच सबळ होतं, त्याला 'हांक' मिळवून देणं म्हणजे त्याची गेलेली जमीन परत करणं आहे. त्यानंतर 'आइबेन': ब्लाइबेन, श्राइबेन, राइबेन, ट्राइबेन. 'आउफेन'कडे मात्र दोघा-तिघांनी मिळूनच जा, तिथे लाउफेन आणि झाउफेन असे दोन रस्ते फुटतात. जोड्या वहीच्या मागच्या पानावर लिहा, पुढच्या पानावर नको, परीक्षेत सरमिसळ होते. आणि लाइकेनला पक्का साक्षीदार कुणाला सापडला तर कळवा. लाइप्झिगच्या त्या टेबलावर ते प्रकरण अजून प्रलंबित आहे.